सोमवार ते शनिवार: रोजची वैयक्तिक उपासना कशी सुरू करायची

रविवारी चर्चला जायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाप्तिस्मा झाला, मंडळीत नाव लागलं, किंवा ख्रिस्ती घरात लग्न होऊन आलात, की पाळकसाहेब सांगतात "रोज वचन वाचा, रोज प्रार्थना करा" आणि विषय तिथंच संपतो. किती वेळ करायची, कुठून वाचायला सुरू करायचं, मोठ्यानं बोलायचं का मनात, मध्येच लेकरू रडलं तर काय, हे कुणी बसून सांगत नाही. आमच्या जालन्याकडं महिला मंडळात नवीन आलेल्या बायका आणि तरुण संघातली पोरं हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मी हॉस्पिटलात नर्स आहे, ड्युट्या फिरत्या, घरी सासू-सासरे, लेकरं आणि दोन खोल्या, त्यामुळं "पहाटे चारला उठून एकांतात बसा" हा सल्ला माझ्या घरात बसत नव्हता, जे खरंच जमतं आणि टिकतं तेच खाली लिहिलंय.

आपल्या मराठवाड्यात याची गरज जरा जास्तच आहे असं मला वाटतं. खेड्यापाड्यात एका पाळकाकडं कितीतरी गावं असतात, प्रत्येक गावात दर रविवारी उपासना होईलच असं नाही, त्यात पेरणी आली, काढणी आली, ऊसतोडीला गाव सोडलं की महिनोन् महिने चर्चचं तोंड दिसत नाही. जालन्याजवळचं बेथेल हे मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं ख्रिस्ती गाव, म्हणजे इथला विश्वास काही कालपरवाचा नाही, आणि माझं तर मत आहे की तो इतक्या पिढ्या टिकला तो कंदिलाच्या उजेडात घरोघरी झालेल्या प्रार्थनांमुळं.

आधी काय काय लागेल

- बायबल. अक्षर मोठं असलेलं घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, बारीक अक्षरामुळं वाचन सोडलेले लई लोक आहेत.
- शाळेची साधी वही आणि पेन.
- गीतांचं पुस्तक. आपल्याकडं बहुतेक मंडळ्यांत उपासना संगीत असतंच, घरात एखादी जुनी प्रत नक्की सापडेल.
- वाचनाच्या जागी लावायला कागदाची एक पट्टी.
- फोन असला तर बरं, नसला तरी काही अडत नाही.

मेणबत्ती, क्रूस, तेलाची बाटली, पांढरे कपडे यातलं काहीही सक्तीचं नाही. डोक्यावर पदर घ्यायची सवय असेल तर घ्या, ओढणी असेल तर ओढणी. जे कॅथलिक आहेत त्यांच्याकडं रोझरी असते आणि मिस्साचे रोजचे ठरलेले पाठ असतात, तेच धरून चाला, खालची बाकीची माहिती तुम्हालाही लागू पडेल. फक्त पुस्तकांची संख्या वेगळी दिसली तर गोंधळू नका, कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत आणि प्रॉटेस्टंट बायबलात ६६.

बायबल घ्यायच्या आधी एक करा. जुनं पारंपरिक भाषांतर आणि सोप्या मराठीतलं भाषांतर, दोन्हींतला मार्कचा (येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक) पहिला अध्याय वाचून बघा आणि जे समजलं ते घ्या. घरातली मोठी माणसं कधी कधी म्हणतात की सोपं बायबल म्हणजे खरं बायबल नव्हे. त्यांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगा. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडित, पण त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत ते काम त्यांनी सोडलं नाही. कळणाऱ्या भाषेत वाचण्यात कमीपणा काहीच नाही.

१) वेळ ठरवा, पण तुमच्याच दिवसातली

एक आठवडा नुसतं बघा की दिवसात दहा-पंधरा मिनिटं कुठं सापडतात. शेतीची लाईट रात्रीची असेल आणि घरधनी मध्यरात्री पाणी द्यायला आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) जात असेल तर त्याला पहाटे पाचची वेळ सांगण्यात अर्थ नाही. लातूर-नांदेडला क्लाससाठी होस्टेलवर राहणाऱ्या पोरांना रात्री रूममधे गोंगाट असतो पण सकाळी अंघोळीच्या रांगेआधी जरा शांतता असते. नळाला पाणी कधी येईल, टँकर कधी येईल याचा भरवसा नसेल तर घड्याळाची वेळ ठरवूच नका, एखाद्या कामाला जोडून ठरवा, म्हणजे लेकरं शाळेत गेली की लगेच, किंवा चहा ठेवायच्या आधी, किंवा ड्युटीवर जाताना बस मिळाली आणि बसायला जागा मिळाली की. घड्याळाची वेळ चुकते पण रोजचं काम काही चुकत नाही.

सकाळच हवी का, हा प्रश्न हमखास येतो. प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्क १:३५ मध्ये (म्हणजे पहिल्या अध्यायाच्या ३५ व्या वचनात) आहे, म्हणून सकाळ चांगलीच. पण इसहाक संध्याकाळी रानात मनन करायला गेला होता (उत्पत्ती २४:६३), दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा (दानीएल ६:१०), पौल आणि सीला तर तुरुंगात मध्यरात्री गाणी म्हणत होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५). वावरातून संध्याकाळी परत येणाऱ्या माणसाला इसहाकाचं उदाहरण मी मुद्दाम सांगते, कारण त्याला वाटत असतं की सकाळी जमलं नाही म्हणजे आजचा दिवस गेलाच.

सुरुवातीला पंधरा मिनिटं खूप झाली. कुणी दोन तास करतं म्हणून तुम्ही दोन तासाचं ठरवलं तर आठवडाभरात सगळं बंद पडतं, हे मी फार जणांचं बघितलंय.

२) जागा

मत्तय ६:६ मध्ये प्रभू सांगतो की आपल्या खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर. आता ज्याच्या घरात दार लावायला वेगळी खोलीच नाही त्यानं काय करायचं? माझ्या समजुतीप्रमाणं तिथं मुद्दा लोकांना दाखवायला प्रार्थना करू नका हा आहे, खोली किती मोठी हा नाही. गच्ची चालेल, स्वयंपाकघराचा कोपरा, आखाड्यावरच्या लिंबाखाली, चर्च दिवसा उघडं असेल तर मागचा बाक, होस्टेलच्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून. आमच्या ड्युटी रूममधे एक खुर्ची खिडकीकडं वळवलेली असते, तिथं बसलं की बाकीच्या सिस्टर पण समजून घेतात.

घरातल्यांना मात्र सांगून ठेवा. "मला पंधरा मिनिटं हाक मारू नका" एवढं साधं सांगितलं की निम्मे अडथळे कमी होतात. लेकरू लहान असेल तर ते मांडीवर बसणारच, बसू द्या, त्याच्या कानावर वचन पडतंय. अनुवाद ६:७ मध्ये तर घरात बसता, वाटेनं चालता, निजता आणि उठता लेकरांशी या गोष्टी बोलत राहा असं सांगितलंयच.

३) क्रम: आधी ऐका, मग बोला

मला विचाराल तर या सगळ्या लेखात महत्त्वाचं हेच आहे. बहुतेक नवीन लोक बसल्या बसल्या मागायला सुरुवात करतात, नोकरी दे, पाऊस दे, पोरीचं लग्न जमव, कर्ज फिटू दे, आणि पाच मिनिटांत बोलणं संपतं मग पुढं काय करायचं ते सुचत नाही. देव बाप आहे, त्यालाही तुमच्याशी काही बोलायचंय. म्हणून मी सांगते तो क्रम असा:

- दोन मिनिटं गप्प बसा. फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर दुसऱ्या खोलीत ठेवा.
- एखाद्या गीताचं एक कडवं म्हणा, हळू आवाजात म्हटलं तरी चालतं.
- ठरलेला पाठ वाचा, शक्यतो ओठ हलवून, नुसत्या डोळ्यांनी वाचलं की मन कापसाच्या भावाकडं जातं.
- जे वचन मनाला लागलं ते वहीत उतरवा आणि खाली एकच ओळ लिहा की आज यातलं मी काय करणार.
- मग प्रार्थना, आणि तिची सुरुवात वाचलेल्या वचनावरूनच करा.
- शेवटी प्रभूची प्रार्थना, "हे आमच्या स्वर्गातील पित्या".

याचा फायदा असा की आज काय बोलू हा प्रश्नच उरत नाही. क्षमेबद्दल वाचलं तर ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव आपसूक तोंडात येतं. मग ते नाव टाळू नका.

४) काय वाचायचं

उत्पत्तीपासून सुरू करून सलग प्रकटीकरणापर्यंत जायचं, असा निश्चय १ जानेवारीला घराघरात होतो. उत्पत्ती आणि निर्गमचा पहिला भाग गोष्टींचा आहे, भराभर जातो, पुढं निवासमंडपाची मापं आणि लेवीयमधले यज्ञांचे नियम आले की गाडी थांबते. सगळं बायबल म्हणजे १,१८९ अध्याय, वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात, नवीन माणसाला ते झेपत नाही. ते पुढच्या वर्षी करा.

पहिल्या महिन्यात मार्क घ्या. चार शुभवर्तमानांत तेच सगळ्यात छोटं, १६ अध्याय, आणि त्यात प्रभू सारखा कामात दिसतो, चालतोय, बरं करतोय, दमून नावेत झोपतोय. एक अध्याय दोन दिवसांत घेतला तरी महिनाभरात होतो. दुसऱ्या महिन्यात फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय आहेत आणि पौलानं ते बंदिवासात असताना लिहिलंय, त्यातला आनंद त्यामुळं वेगळाच वाटतो. ते दोनदा वाचा. मग योहान. रात्री झोपताना बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र जोडा, २३, २७, ५१, १०३, १२१ यांपासून सुरुवात करा. ११९ वं स्तोत्र आलं की घाबरू नका, १७६ वचनं आहेत पण ते आठ-आठ वचनांच्या २२ तुकड्यांत बांधलेलं आहे, रोज एक तुकडा घ्या. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणून तारखेप्रमाणं अध्याय वाचायची सवय आपल्याकडं जुन्या लोकांना असते, तीही छान आहे.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवलेलं वचन म्हणजे आजचा संदेश, असं करू नका. बायबल उशाखाली ठेवलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, असं समजून ते तिथंच ठेवणं हेही त्यातलंच, त्याचा उपयोग वाचण्यात आहे. आणि व्हॉट्सॲपवर सकाळी येणारं फुलांच्या चित्रातलं वचन चांगलंच असतं पण ते वाचून आजची उपासना झाली असं समजू नका, "अकरा जणांना पाठवा, चमत्कार होईल" असं खाली लिहिलेलं असेल तर ते पुढं पाठवूच नका.

५) प्रार्थना कशी बोलायची

इथं सगळ्यात जास्त लोक अडतात. चर्चमधे वडील मंडळी जशी भारी शब्दांत प्रार्थना करतात, "हे सर्वसमर्थ, सनातन, कृपासागर परमेश्वरा", तशी आपल्याला येत नाही म्हणून बाया घरीसुद्धा तोंड उघडत नाहीत. माय, घरात बापाशी बोलताना आपण भाषण करतो का? "देवा, आज लई थकलेय, काही बोलवत पण नाही" ही पूर्ण प्रार्थना आहे. जी बोली घरात बोलता तीच बोला. मत्तय ६:७ मध्ये प्रभूनं तर बजावलंय की जास्त बोललो म्हणजे ऐकलं जाईल असं समजून बडबड करू नका. आणि शब्दच फुटत नाहीत अशा दिवसासाठी रोमकरांस ८:२६ आहे, आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो.

तरी नवीन असताना काहीतरी आधार लागतो म्हणून चार गोष्टी धरा: आधी स्तुती, म्हणजे देव कसा आहे ते. मग कबुली, आज जे चुकलं ते नाव घेऊन, "माझ्या सर्व पापांची क्षमा कर" असं सगळं गोळा करून सांगितलं की त्यातलं एकही आपण खरं बघत नाही. मग उपकार. मग मागणी, आणि मागणीत आधी दुसऱ्यांची नावं घ्या. वहीच्या मागच्या पानावर नावांची यादी करा, वारांप्रमाणं वाटून, सोमवारी घरचे, मंगळवारी गल्लीतले आणि शेजारी, बुधवारी आजारी माणसं, गुरुवारी पाळक आणि मंडळी, शुक्रवारी ज्यांच्याशी पटत नाही ते, शनिवारी गाव, पाऊसपाणी, सरकार. शुक्रवारचं पान अवघड जातं पण तेच गाळू नका.

कौटुंबिक प्रार्थना असेल तर एक विनंती मनापासून करते. प्रार्थनेत टोमणे नकोत. "देवा, आमच्या सुनेला नम्रता दे" असं सगळ्यांसमोर सासूनं म्हटलं की ती देवाशी बोलत नाही, सुनेशी बोलते, आणि ती पोर नंतर प्रार्थनेला बसायलाच टाळते. जे बोलायचं ते समोर प्रेमानं बोला, प्रार्थनेत त्या माणसासाठी आशीर्वादच मागा.

आणि भांडण चालू असेल तर? मत्तय ५:२३-२४ काढून बघा. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपल्याकडं बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि दोघंही रोज प्रार्थना करतात. दुसऱ्याचं मन लगेच बदलेल असं नाही पण आपलं पाऊल आपण टाकायचं, जाऊन यायचं.

६) वाचता येत नाही, किंवा अंगात त्राण नाही

म्हाताऱ्या माणसांना, शाळा न शिकलेल्या बायांना वाटतं ही उपासना आपल्यासाठी नाही. तुमच्यासाठी गाणं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला, त्यांना तुकोबांच्या अभंगांची फार ओढ होती आणि त्यांनी ख्रिस्ताची भक्ती आपल्याच चालींत, अभंगांत आणि भजनांत लिहिली. ती गाणी पाठ होतात, भाकरी थापताना म्हणता येतात. नातवंडाला सांगा, रोज शाळेतून आल्यावर पाच वचनं मोठ्यानं वाचून दाखव, त्याचंही वाचन होतं आणि तुमचंही.

फोनवर बायबलचं ॲप टाकून घ्या, त्यात मराठीत ऐकायची सोय मिळते. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे मी नेहमी सांगते, निघायच्या आधी गावातच वायफायवर किंवा चांगल्या रेंजमधे जे डाउनलोड होतं ते करून ठेवा, कारण फडावर रेंजचा आणि चार्जिंगचा काही भरवसा नसतो. आठवड्याला एक वचन पाठ करून न्या. कोयता चालवताना पुस्तक हातात धरता येत नाही, पाठ असलेलं वचन मात्र तोंडात राहतं. संध्याकाळी कोपीवर (राहायच्या झोपडीवर) दोन-तीन ख्रिस्ती घरं असतील तर एक गीत आणि प्रभूची प्रार्थना, एवढं झालं तरी उपासना झाली.

७) घरात तुम्ही एकटेच विश्वासात असाल तर

याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही पण असे लई जण आहेत. नवरा, सासू, आईवडील दुसऱ्या श्रद्धेचे आणि तुम्हाला रोज प्रभूची उपासना करायचीय.

लपवाछपवी करू नका. बायबल धान्याच्या डब्यात लपवलं आणि ते सापडलं की घरच्यांना वाटतं हिनं अजून काय काय लपवलंय. शांतपणे सांगा की मी रोज थोडा वेळ प्रार्थना करते, तुमच्या सगळ्यांसाठीही करते. आणि त्याच वेळी तमाशाही करू नका, शेजारी हरिपाठ चालू असताना मुद्दाम मोठ्यानं गाणं लावायचं, सणाच्या दिवशी तोंड वाकडं करून बसायचं, घरच्यांच्या देवांना नावं ठेवायची, यातलं काहीच प्रभूनं शिकवलेलं नाही. प्रसादाचं, पूजेत बसण्याचं काय करायचं हे घरोघरी वेगळं असतं, ते मनाशी आधी ठरवा, पाळकांशी किंवा एखाद्या समंजस मोठ्या बाईशी बोलून ठरवा, आणि घरच्यांना आधीच नम्रपणे सांगा म्हणजे ऐन वेळी चारचौघांत कुणाचा अपमान होत नाही. सासूचे पाय दुखतात तर पाय दाबून द्या, दळण आणा, तिच्यासाठी रोज प्रार्थना करा. मारहाण किंवा धमकी होत असेल तर मात्र सहन करणं म्हणजे विश्वास असं समजू नका, लगेच भरवशाच्या माणसाला सांगा, महिला हेल्पलाइन १८१ आहे, तिला फोन करा.

८) दिवसभर

वही मिटली की उपासना संपली असं नाही. नहेम्या राजासमोर उभा होता, राजानं विचारलं तुला काय पाहिजे, आणि उत्तर द्यायच्या आधी त्यानं मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). किती सेकंदांची असेल ती! तशा प्रार्थना दिवसभर होतात. मी सुई टोचायच्या आधी करते, "प्रभू, हात स्थिर ठेव." रिक्षावाला किक मारताना करू शकतो, शिक्षिका वर्गात पाय ठेवताना करू शकते, बाजार समितीत मापाला उभा राहिलेला शेतकरी करू शकतो. आणि मापात खोट करायची नाही हेही त्या प्रार्थनेतच आलं.

९) उपवास करणार असाल तर

लेंटचे (ईस्टरआधीचे) चाळीस दिवस आले, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) जवळ आला की नवीन विश्वासी उत्साहानं उपवास धरतात. चांगलं आहे, फक्त लोकांना कळू देऊ नका, मत्तय ६:१७ प्रमाणं तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, नेहमीसारखे राहा. यशयाचा ५८ वा अध्याय त्या दिवशी वाचा, देवाला आवडणारा उपास म्हणजे उपाशी माणसाला आपल्यातली भाकर देणं, हे तिथं अगदी स्पष्ट लिहिलंय. म्हणून वाचलेला स्वयंपाक कुणाच्या तरी घरी पोचवा.

आता नर्स म्हणून सांगते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता उपवास करू नका, गोळी घेतली आणि खाल्लं नाही तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. गरोदर बाई, दूध पाजणारी आई, टीबीचा पेशंट, यांनी जेवण सोडू नये. टीव्ही सोडा, मोबाईल सोडा, तंबाखू सोडा, हाही उपवासच. आणि कुणीही, मग तो कितीही मोठ्या सभा घेणारा असो, "विश्वास ठेव आणि गोळ्या बंद कर" असं म्हणाला तर ऐकू नका. टीबीच्या, फिटच्या, बीपीच्या गोळ्या मनानं बंद करून जे होतं ते मी वॉर्डात बघते. प्रार्थनाही करा आणि गोळीही घ्या. फोनवर प्रार्थना करतो म्हणून कुणी पैसे पाठवायला सांगितलं तर फोन ठेवून द्या.

१०) कोरडं वाटलं, खंड पडला

हे प्रत्येकाचं होतं. सुरुवातीचे काही आठवडे मन भरून येतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग एक दिवस वचन नुसती अक्षरं वाटायला लागतात. देव रागावला, आपल्यात काही पाप आहे, असं लगेच ठरवू नका. झोप कमी झालीय का, तब्येत बरी आहे का ते आधी बघा. मग वाचन निम्मं करा, पण बसायची जागा आणि वेळ सोडू नका.

दुःख मोठं असेल, पीक गेलं, कर्ज वाढलं, घरातलं माणूस गेलं, तर उगाच आनंदाची गाणी म्हणू नका. १३ वं स्तोत्र काढा, ते "परमेश्वरा, कुठवर?" असंच विचारतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत, सलग दुष्काळ काढलेली आहेत, त्यांच्यापुढं "सगळं चांगल्यासाठीच होतं" असं बोलण्यापेक्षा त्यांच्याजवळ बसून हे स्तोत्र वाचलेलं बरं. जीव द्यावासा वाटत असेल तर एकटं राहू नका, घरच्यांना, पाळकांना सांगा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मदत मागितल्यानं विश्वास कमी होत नाही.

आणि नुसताच खंड पडला असेल, लग्नसराई, काढणी, परीक्षा, नाईट ड्युट्या, तर राहिलेले अध्याय एका बैठकीत भरून काढायला बसू नका. देवाला हप्ते द्यायचे नाहीत. पट्टी जिथं आहे तिथंच राहू द्या. पहिल्या दिवशी फक्त ११७ वं स्तोत्र वाचा, सगळ्यात लहान, दोनच वचनं आहेत, मोठ्यानं वाचा आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठा. दुसऱ्या दिवशी मार्क जिथं सोडला होता तिथून पुढं.